काउंटरपलीकडची अर्धी माणसं

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. वय ३९. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हींना ए ग्रेड होती. पुढे कॉमर्स, नोकरी, लग्न, मुलं. चित्रकला राहिली ती राहिलीच. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या वहीत पुन्हा काढायला लागले. आता रात्री सगळं आवरलं की तासभर बसते. मोबाइलवर कुणाचा तरी फोटो लावते आणि बघून काढते. चेहरे बरे जमतात असं घरचे म्हणतात. पण पूर्ण माणूस काढला की तो दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ. अर्कचित्रं (कॅरिकेचर) करून बघते, तर सगळ्यांची नाकं मोठी होतात आणि माणूस मात्र ओळखू येत नाही.

मार्चमध्ये आमचे वसुली अधिकारी निवृत्त झाले. सगळ्यांच्या आग्रहावरून मी त्यांचं अर्कचित्र काढलं, फ्रेम करून दिलं. त्यांचे वरचे दात जरा पुढे आहेत, ते मी चांगले मोठे काढले. निरोप समारंभात हशा पिकला, तेही हसले. दुसऱ्या दिवशी ती फ्रेम त्यांच्या टेबलाच्या खणात पालथी ठेवलेली सापडली. घरी नेलीच नाही. फार साधा माणूस हो. साहेबांच्या केबिनमध्ये जाताना हेल्मेट कोपरात अडकवूनच जायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत, एक पाऊल दाराकडे ठेवूनच बोलायचे. तेव्हापासून अर्कचित्र काढायला हात धजावत नाही.

आता विचारायचं ते असं की क्लास लावू का? या वयात काही होईल का? आणि बाहेर बसून स्केचिंग करा असं सगळे सांगतात, पण आमच्या गावात बाईमाणसाने एसटी स्टँडवर वही उघडून बसायचं कसं?

– अ. कु., सांगली


अ. कु. ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली चित्रं आधी बघितली, मग पत्र पुन्हा वाचलं. तुमचा हात चांगला आहे हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. छटा स्वच्छ आहे, डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर आहेत (नवशिके ते हमखास वर, कपाळात चढवतात), कानही भुवई आणि नाकाचा शेंडा यांच्या दरम्यान नीट बसलाय. पण शर्टाच्या तिसऱ्या बटणाखाली तुमचा रस संपलेला दिसतो. खांदे पट्टीने आखल्यासारखे आडवे, दोन्ही पावलं सारखी फाकलेली. आणि हात? एकूण एक माणसाचे हात खिशात नाहीतर पाठीमागे.

याचं कारण तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत आहे. तुम्ही कॅश काउंटरला आहात. दिवसभर माणसं तुमच्यासमोर येतात ती छातीपर्यंत. काचेपलीकडे चेहरा, खाचेतून आत आलेलं पासबुक, स्लिपवर सही, मोजलेल्या नोटा, पुढचा. रांगेतला माणूस कसा उभा होता, कोणत्या पायावर रेलला होता, पिशवी खाली ठेवली होती की मांडीला टेकवली होती, हे तुम्हाला दिसतच नाही. घरी आल्यावर मोबाइल, आणि त्यात लोक ठेवतात ते फोटोही चेहऱ्याचेच. अर्धी माणसं बघून पुरा माणूस कुठून काढणार? गंमत अशी की हात मात्र तुम्हाला रोज ढिगाने दिसतात. नोटा मोजताना ओल्या स्पंजला टेकणारा अंगठा, सहीला पेन घट्ट धरून बसलेली म्हातारी बोटं, अंगठा उठवायला पुढे केलेला शेतकऱ्याचा पंजा. एवढे हात रोज जवळून बघायला मिळणारी चित्रकार सांगलीत दुसरी नसेल, आणि तुमच्या चित्रात सगळे हात खिशात!

दुसरं कारण तुमची ए ग्रेड. रागावू नका. स्मरणचित्राच्या पेपरला बाजार, बसथांबा, शेतातली कापणी असले विषय यायचे, आणि त्यासाठी सरांनी फळ्यावर काढून दिलेली चार माणसं आपण घोटून ठेवायचो. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकलेला म्हातारा, छत्रीवाला, आणि एक पाठमोरा मुलगा. तो पाठमोरा का, तर चेहरा काढायला लागू नये म्हणून. विषय कोणताही येवो, तीच मंडळी कपडे बदलून हजर. परीक्षेपुरतं ते ठीक होतं, सरांचाही इलाज नव्हता. पण तुमच्या हातात अजून तीच माणसं बसलीत. चेहरा मोबाइलवरच्या फोटोचा आणि धड सरांच्या फळ्यावरचं, अशी ही जोडणी आहे. ताठ दिसणारच.

आणि म्हणूनच, तुम्ही दोन अडचणी म्हणून लिहिलेल्या गोष्टी माझ्या मते एकच आहेत. आकृती ताठ होते आणि अर्कचित्रात माणूस सापडत नाही, याचं मूळ एकच : तुम्ही माणसाची ओळख फक्त चेहऱ्यात शोधता. गल्लीच्या टोकाला, संध्याकाळच्या अंधारात, पाठमोरा चाललेला आपला माणूस आपण ओळखतोच ना? चेहरा कुठे दिसत असतो तेव्हा? खांद्याच्या उतारावरून ओळखतो, चालीवरून, पिशवी धरायच्या लकबीवरून. ती ओळख कागदावर आली की नाकाशी खेळायची गरजच उरत नाही.

तेव्हा पुढचे तीन महिने चेहरा बंद. डोक्याच्या जागी साधा अंडगोल काढायचा आणि त्याच्या कलावरून मान किती झुकलीय एवढंच दाखवायचं. भुवईसुद्धा नाही. तुम्हाला हे जड जाईल, कारण जे जमतं तेच मी काढून घेतोय.

मग बघायचं काय? समजा स्टँडवर एक माणूस गाडीची वाट बघत उभा आहे. दहा मिनिटं उभं राहावं लागलं की कुणीही दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहत नाही, एका पायावर रेलतो. आधी तो पाय शोधा. आता मानेच्या पुढच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडल्याची कल्पना करा. तो भाराच्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. तुमच्या चित्रात तो दोन पायांच्या मधोमध पडतो, म्हणून माणूस खिळ्याने ठोकल्यासारखा वाटतो. नंतर त्याच्या कमरेचा पट्टा बघा. भाराच्या बाजूचा कुल्हा वर ढकलला जातो, त्यामुळे पट्टा तिकडे चढलेला दिसेल. खांदे मात्र उलटे, त्याच बाजूला उतरलेले. पट्टा एकीकडे तिरका, खांदे दुसरीकडे, आणि त्या दोन तिरक्या रेघांना जोडणारी पाठीची एक वळलेली रेघ. एवढ्या तीन रेघा खऱ्या आल्या की माणूस उभा राहिला. बाकी शर्ट-पँट त्यांच्यावर टांगायची.

त्याच्या हातात जड पिशवी असेल तर सगळं बदलतं. पिशवीच्या बाजूचा खांदा ओढला जातो, धड दुसऱ्या बाजूला कलतं आणि मोकळा हात तोल सावरायला अंगापासून थोडा सुटतो. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत मार्केट यार्डात एक चक्कर मारा. पाठीवर पोतं घेतलेला हमाल कमरेत वाकतो, कारण नाही वाकला तर पोतं त्याला मागे पाडेल. पण पुढचं दिसायला हवं म्हणून मान वर काढतो. वाकलेली पाठ आणि उचललेली मान या दोन्ही गोष्टी एकदम काढाव्या लागतात. गुडघे कधीच पूर्ण सरळ होत नाहीत, पावलं आखूड पडतात. पोत्याचं ओझं पोत्यावर छटा देऊन दाखवता येत नाही, ते गुडघ्यात दाखवायचं असतं. जिमखान्यावर व्यायाम करणाऱ्या पोरांपेक्षा हे हमाल चित्रकाराला जास्त शिकवतात, असं माझं मत आहे.

प्रमाणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते कुठेही मिळतं. पूर्ण वाढलेला माणूस साधारण साडेसात डोकी उंच. उंचीचा मध्य कमरेवर येत नाही, त्याच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे येतो. हात सैल सोडले की कोपर कमरेपाशी आणि बोटं अर्ध्या मांडीपर्यंत. तुमच्या माणसांचे पाय आखूड पडतात, म्हणजे डोकं मोठं होतंय; चेहऱ्यावर जीव असल्याचा परिणाम. लहान मुलं यात बसत नाहीत. वर्षाचं मूल चार डोकी भरतं, म्हणून मोठ्या माणसाला नुसतं लहान करून मूल होत नाही.

साडीचं मात्र जरा सविस्तर, कारण तुमच्या बायका मला घंटेसारख्या दिसल्या. साडी दिसली की तुम्ही निऱ्यांच्या उभ्या रेघा मारायला बसता आणि आतली बाई हरवते. कापड अंगाला कुठे टेकतं तेवढंच आधी पकडा. पदर खांद्यावर, कुल्ह्याचा वरचा भाग, आणि पुढे काढलेला गुडघा. या टेकलेल्या जागांपासून घड्या सुटतात आणि जिथे आधार नाही तिथे कापड सरळ खाली लोंबतं. भार एका पायावर असला की निऱ्यांचा झुबका सरळ पडत नाही, मोकळ्या गुडघ्याने तो बाजूला सारला जातो. तेवढा एक झोक दाखवलात की आत पाय आहेत हे कळतं. नऊवारी नेसलेली बाई दिसली तर ती सोडू नका. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे दिसतात, बसण्या-उठण्याचा सगळा हिशेब उघडा असतो.

वेळ लावून काढा. एका माणसाला एक मिनिट, फार तर दोन. तो हलला की तिथेच सोडून शेजारी दुसरा सुरू. कागदभर अर्धी-मुर्धी माणसं होतील, होऊ द्या. खोडरबर घरी ठेवा, नाहीतर पहिल्या खांद्यावरच पाच मिनिटं जातील. बॉलपेन उत्तम, खोडता येत नाही हाच त्याचा गुण. चुकलेल्या रेघेच्या बाजूला बरोबर रेघ मारायची आणि पुढे जायचं. आठवड्यातून एकदा याच्या उलट करायचं : कागदाकडे अजिबात न बघता, नजर समोरच्याच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवायची आणि पेन तेवढ्याच गतीने चालू ठेवायचं. चित्र हास्यास्पद येतं, ते कुणाला दाखवू नका. पण आपण किती गोष्टी न बघताच काढत होतो ते त्यात उघडं पडतं. घरात याला गिऱ्हाईक आहेच. मोबाइलमध्ये मान घालून बसलेला माणूस अर्धा तास हलत नाही, आणि असं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच.

आता अर्कचित्र.

सगळ्यांची नाकं मोठी का होतात, याचं एक साधं उत्तर तुमच्या मोबाइलमध्ये आहे. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक असतं त्याहून मोठं आणि कान असतात त्याहून लहान दिसतात, कारण नाक लेन्सच्या जास्त जवळ असतं. म्हणजे निम्मी अतिशयोक्ती कॅमेऱ्याने आधीच केलेली असते, आणि ती सगळ्यांच्या बाबतीत एकसारखी. तुम्ही तीच पुढे वाढवता. मग दहा जण एकाच घरातले दिसले तर नवल काय?

अर्कचित्रात वाढवायचं ते चारचौघांपेक्षा वेगळं असेल तेच. चारचौघांइतकंच असेल तर नाक कितीही ताणा, ओळख पटणार नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये सूझन ब्रेनन यांनी एमआयटीत शिकत असताना संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली, तेव्हा रीत हीच ठेवली होती. अनेक चेहऱ्यांचा एक सरासरी चेहरा, त्याच्याशी समोरच्या चेहऱ्याची तुलना, आणि जिथे जिथे फरक तिथे तो फरक वाढवायचा. तुम्हाला संगणक नको. रोज एवढे चेहरे काचेपलीकडून जातात की सरासरी तुमच्या डोळ्यांत कधीच बसलेली आहे. समोरचा आला की पहिल्या क्षणी जे खटकतं तोच फरक. नंतर बघत बसलं की तो बोथट होतो, म्हणून पहिल्या क्षणी जे वाटलं ते शब्दांत लिहून ठेवा. 'कपाळच कपाळ.' 'मान नाहीच.' 'सगळं मध्ये गोळा झालंय.' असं.

आणि आधी डोक्याचा एकूण आकार, मग आतले अवयव. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप वर निमुळता आणि गालांशी रुंद होता. शार्ल फिलिपों या व्यंगचित्रांच्या प्रकाशकावर राजाच्या बदनामीचा खटला भरला, तेव्हा १८३१ मध्ये त्याने कोर्टापुढे चार चित्रं मांडली. पहिल्यात राजाचा साधा चेहरा, मग तो पायरीपायरीने बदलत चौथ्यात नुसती नाशपाती. त्याचा सवाल असा की यातलं नक्की कितवं चित्र गुन्हा आहे? शिक्षा त्याला झालीच, पण नाशपाती काढली की लोकांना राजा दिसायला लागला. नाक नाही, डोळे नाहीत, फक्त बाहेरची रेघ. हा खेळ तुम्हीही करा. एकाच माणसाची चार चित्रं, प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा थोडं जास्त ताणलेलं. कितव्या चित्रापर्यंत माणूस शिल्लक राहतो ते मुलाला विचारा. मुलं खोटं बोलत नाहीत. ताणताना एक पथ्य पाळा : जबडा वाढवला तर ती जागा कपाळातून घ्या. सगळंच वाढवलं की नुसतं डोकं मोठं होतं, आणि मोठ्या डोक्याचं छोटं माणूस तर हल्ली मोबाइलमधलं कुठलंही ॲप फुकट करून देतं.

फोटो समोर ठेवून अर्कचित्र करू नका. बघा, वही मिटा, घरी या, मग काढा. आठवणीत जे उरलं नाही ते बहुधा लागतच नव्हतं. १८३२ च्या सुमारास ओनोरे दोमिए या व्यंगचित्रकाराने फ्रेंच लोकप्रतिनिधींची डोकी कच्च्या मातीत घडवली, छोटी छोटी, हातात मावतील अशी. त्यातली ३६ आजही पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. पुढे त्या मंडळींची चित्रं काढताना ही डोकी त्याच्या हाताशी होती. एखाद्या रविवारी मुलाच्या क्लेमध्ये तुम्हीही करून बघा. डोक्याला मागची बाजू असते हे चेहरे काढणाऱ्यांना माहीतच नसतं.

आपल्याकडचं बघायचं असेल तर शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं पुन्हा काढून बसा. शब्द जवळजवळ नसतातच. गणिताच्या पाठ्यपुस्तकांतली त्यांची चित्रं पाहिलेली पिढी आजही ती विसरलेली नाही. एका हाताने चेहरा झाकून बघा, नुसत्या उभं राहण्यावरून त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळतं की नाही. मला तरी कळतं.

आता तुमच्या वसुली अधिकाऱ्यांविषयी. या प्रसंगाने तुम्ही जितक्या खचलात तितकं खचण्याचं कारण नाही, पण ते रुसले असं समजून सोडूनही देऊ नका. पुढे आलेले दात हे काही त्या माणसाने कमावलेलं नाही. शाळेपासून त्यावरून ऐकून घेतलं असेल, लग्नाच्या वेळी ऐकलं असेल, आणि निवृत्तीच्या दिवशी सगळ्या पतसंस्थेसमोर तेच काचेत बसवून हातात आलं. हसण्याशिवाय ते तिथे दुसरं काय करणार होते? अर्कचित्राने झोंबू नये असं मी म्हणत नाही. सत्तेवरच्या माणसाला झोंबलंच पाहिजे, दोमिए राजाच्या चित्रापायी तुरुंगात गेला तो उगाच नाही. पण तुमचे सहकारी राजे नाहीत. त्यांच्या बाबतीत माझा नियम असा की माणसाला जन्माने किंवा आजाराने जे मिळालं ते सोडायचं आणि तो जे करतो ते पकडायचं. टक्कल चालेल का, पोट चालेल का, असं लोक विचारतात. ज्याच्यावर तो माणूस स्वतः चारचौघांत विनोद करतो ते चालतं. ज्याचा तो कधी उच्चारही करत नाही ते नाही.

आणि खरं सांगू का, त्यांचं अर्कचित्र तुम्ही मला पाठवलंयच, फक्त ते कागदाच्या चुकीच्या बाजूला आहे. हेल्मेट कोपरात, बसा म्हटलं तरी न बसणं, एक पाऊल दाराकडे. जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून हप्ते मागितलेला माणूस साहेबाच्या दारातही तसाच उभा राहतो! यात दात कुठे आले? हे काढा. धड साहेबाकडे, पावलं दाराकडे. म्हणजे कमरेत एक पीळ आला. हेल्मेटमुळे एक कोपर अंगापासून सुटलेलं, त्यामुळे तो खांदा किंचित वर. रिकामी खुर्ची शेजारी ठेवायला विसरू नका, आणि ती जरा मोठीच काढा. चेहरा तीन रेघांत आटपा. हे चित्र जमेपर्यंत कुणाला दाखवू नका आणि जमलं तरी लगेच फ्रेम घेऊन त्यांच्या घरी जाऊ नका. माफीचं चित्र दिलं की त्यांना पुन्हा तो दिवस आठवणार, वर चहा करून तुमचीच समजूत काढावी लागणार. कधी सहज भेटले, गप्पा झाल्या, तर वहीतलं पान दाखवा. मागितलं तर द्या. आणि ती जुनी फ्रेम अजून ऑफिसातच असेल तर गाजावाजा न करता तिथून हलवा.

बाहेर बसायचं कसं, हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पुरुष वही उघडून बसला की लोक त्याला चित्रकार समजतात, बाई बसली की काय चाललंय ते बघायला येतात. काही व्यवहारी गोष्टी सांगतो. पाठ भिंतीला लावून बसा, म्हणजे मागून डोकावणाऱ्यांचा बंदोबस्त होतो. वही हिशेबाच्या छोट्या डायरीएवढी, पर्समध्ये मावणारी. मोठं पॅड काढलंत की गर्दी जमलीच. स्टँडपासून सुरुवात करू नका. मुलाच्या क्लासबाहेर ताटकळणारे पालक, गणपती मंदिरातली दर्शनाची रांग, दवाखान्याऐवजी रेशन दुकान (दवाखान्यात आजारी माणसाला त्याच्या नकळत काढू नये), लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या. लग्नात तर कमाल आहे. जेवणाच्या पंक्तीची वाट बघणारी माणसं जितक्या तऱ्हांनी बसतात तितक्या तऱ्हा कुठल्याच कॉलेजातल्या मॉडेलला सुचणार नाहीत.

कुणी पकडलंच तर वही मिटू नका, दाखवा. चेहरा नसल्यामुळे भांडण होत नाही, हा आपल्या तीन महिन्यांच्या पथ्याचा आणखी एक फायदा. बहुतेक जण 'माझं काढा ना' म्हणून समोर ताठ उभे राहतात आणि मग त्यांचं चित्र काढण्यासारखं काही उरत नाही. एक मिनिटात काहीतरी काढून पान फाडून देऊन टाका. लहान मुलांचं काढताना मात्र आईला आधी विचारा.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणच्या रोजनिशा छापलेल्या आहेत, १९४९ ते १९५१ या वर्षांच्या. मिळाल्या तर जरूर बघा. गोव्यातलं आपलं गाव लोटली, घरातली माणसं, मित्र, पाहुणे, दिवसभरात दिसलं ते रात्री वहीत. तुम्ही रात्री तासभर बसताच. फोटो लावण्याऐवजी त्या दिवशी काउंटरला आलेली दोन माणसं काढा, कमरेखालचा भाग अंदाजाने. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दरवाजातून बाहेर पडताना बघा आणि अंदाज कुठे चुकला ते जुळवा. पतसंस्थेत तुमच्याइतकी सोय कुणाला आहे? रोजच्या ठेवीवाले, पिग्मी एजंट, पेन्शनर, तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. फक्त ऑफिसातले पाठकोरे कागद चित्रांना वापरू नका. मागे कुणाचा तरी थकलेला हप्ता छापलेला असतो आणि तुमचं चित्र गावभर फिरलं तर तोही फिरेल.

क्लासचं. चेहऱ्याचं पोर्ट्रेट शिकवणारा क्लास लावू नका, ते तुम्हाला येतंय. समोर माणूस बसवून काढून घेणारे असतील तरच जा, आणि फी भरण्याआधी एक दिवस बसून बघा. सर मुलांना मोबाइलवरचा फोटो देत असतील तर तिथूनच परत फिरा. कला महाविद्यालयातली मुलं रविवारी सकाळी बाहेर स्केचिंगला निघतात, सांगली-मिरजेत अशी मुलं शोधून त्यांच्यात सामील झालात तर स्टँडचा प्रश्नही आपोआप सुटेल. मिरज जंक्शनला चौघी-चौघांत बसलं की कुणी विचारत नाही.

वयाचं काय सांगू? आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट तुम्हाला चार जणांनी ऐकवली असेल. गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ लोक सोयीने लावतात. शिक्षण लागत नाही असं ती सांगत नाही. म्हैसूरच्या घरात खिडकीबाहेरच्या वाळक्या फांद्या, लाकडं फोडणारा गडी आणि समोरच्या छपरावरचे कावळे हा मुलगा काढत बसायचा, ते शिक्षणच चाललं होतं. शि. द. जे. जे.त शिकले, मारिओ कुठल्या कला महाविद्यालयात शिकले नाहीत. दोघांच्या चित्रांत माणसं आपापल्या पायांवर उभी आहेत. तुमचं वय ३९ आहे, आणि नोकरी आहे म्हणून चित्रावर घर चालवायचं नाही. तुमच्या जागी यायला पुष्कळ चित्रकार तयार होतील.

सामानाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. नवं काही विकत घेऊ नका. एक काळं बॉलपेन, एक ४बी पेन्सिल, दोनशे पानी कोरी वही. ती भरली की काळी शाई आणि दोन नंबरचा ब्रश घ्या, त्याआधी नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. सोबत दहा उभी माणसं पाठवा, चेहऱ्याशिवाय. त्यातल्या निदान पाच जणांचे हात खिशाबाहेर असावेत. आणि त्या दहांमध्ये हेल्मेटवाले असतील तर कोणते ते सांगू नका, मला ओळखता येतात का बघतो.